जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क बदलताना : कोकणातल्या नवशिक्यांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वीस-पंचवीस वर्षं जुने पेंटियम अजून रोज सकाळी चालू होतात. छापखान्यात पेजमेकर आणि श्री-लिपीवर लग्नपत्रिका जुळवल्या जातात. बागायतदाराच्या पेढीवर फॉक्सप्रोमधली खाती उघडतात, ती लिहून देणारा मुलगा कधीच मुंबईला निघून गेलेला असतो. "नवा घेऊन टाका" असं सांगणाऱ्याने मशीनच्या मागच्या प्रिंटर पोर्टात खोचलेलं सॉफ्टवेअरच्या परवान्याचं लॉक पाहिलेलं नसतं. ते लॉक त्याच पोर्टावर चालतं आणि नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. काही जण निव्वळ हौसेपोटीही ४८६ (पेंटियमच्या आधीची पिढी) आणि पेंटियम जपतात. या सगळ्यांची अडचण एकच असते.

मदरबोर्ड टिकतो, रॅम टिकते, कीबोर्ड तर मालकापेक्षा जास्त टिकतो. जाते ती हार्डडिस्क, कारण फिरणारा भाग तिच्यात आहे. आणि समुद्राकाठी ती जरा लवकर जाते. हार्डडिस्क हवाबंद असते असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाही. तिच्या अंगावर एक बारीक भोक असतं आणि बहुतेक वेळा शेजारी "हे झाकू नका" असं छापलेलं असतं. आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. आत गाळणी असते. ती धूळ अडवते, दमट हवा नाही. शिवाय जुन्या डिस्कमध्ये मशीन बंद केलं की हेड थेट तबकडीवर टेकतं. मे महिन्यात बंद केलेलं मशीन गणपतीत उघडलं की दमटपणाने चिकटलेलं हेड सुटता सुटत नाही. मोटर नुसती गुणगुणते आणि पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो.

म्हणून डिस्क बदलायचं काम मशीन अजून चालतंय तोवरच काढायचं. मालकाचा पहिला सवाल ठरलेला असतो : "मशीन चलता हा मा? मगे कित्याक उघडतस?" चलता हा, म्हणूनच. बंद पडलेल्या डिस्कमधून डेटा काढायचा तर ती पुण्या-मुंबईला पाठवावी लागते, आणि ते बिल बघितल्यावर काही जण डेटाच सोडून देतात.

आधी केबल बघा

मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा (नुसतं बटण बंद करून चालणार नाही), कॅबिनेटचं झाकण उघडा आणि हार्डडिस्कला कोणती केबल लावली आहे ते पाहा. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्यात विजेचा धोकादायक दाब शिल्लक असतो.

एकच रुंद, चपटी, ४० पिनांची केबल असेल तर ती आयडीई. ३८६ च्या उत्तरार्धापासून पेंटियम ४ पर्यंत घरोघरी हीच सापडते आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे. लॅपटॉपमध्ये तिचंच लहान रूप असतं. त्याला ४४ पिना असतात आणि वीजही त्याच केबलमधून जाते. ५० पिनांची केबल दिसली, मशीन जुनं मॅकिंटॉश किंवा वर्कस्टेशन असलं, तर ती स्कझी. तिच्यासाठी ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी नावाचे छोटे बोर्ड मिळतात, ते एसडी कार्डाला स्कझी डिस्कचं सोंग देतात. तिथे फक्त आयडी क्रमांक आणि केबलच्या टोकाचं टर्मिनेशन सांभाळावं लागतं. एका डिस्कला दोन चपट्या केबली, एक ३४ तारांची आणि एक २० तारांची, दिसल्या तर तुमच्या हातात एक्सटी किंवा २८६ च्या काळातलं एमएफएम यंत्र आहे. त्याची डिस्क सरळ बदलता येत नाही, एक्सटी-आयडीई नावाचं कार्ड स्लॉटमध्ये बसवून कॉम्पॅक्ट फ्लॅश वापरावं लागतं. पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका.

केबल काढण्याआधी मोबाइलने फोटो काढा. चारी बाजूंनी आणि जवळून. केबलची एक कड लाल असते, ती कोणत्या बाजूला आहे हे फोटोत दिसलंच पाहिजे. लाल कड म्हणजे पिन १. डिस्कच्या मागे बहुतेक वेळा ती विजेच्या सॉकेटच्या बाजूला येते, पण मदरबोर्डवर ती कुठेही असू शकते. तिथे सॉकेटशेजारी बारीक अक्षरात १ छापलेला शोधा.

मशीनच्या आठवणीतले आकडे

झाकण उघडं ठेवूनच मशीन एकदा चालू करा आणि सेटअपमध्ये जा. बहुधा डिलीट बटण दाबून जाता येतं, काही कंपन्यांच्या मशीनवर एफ१, एफ२ किंवा एफ१० लागतं. तिथे हार्डडिस्कच्या ओळीत सिलिंडर, हेड आणि सेक्टर असे तीन आकडे आणि शेजारी नॉर्मल, लार्ज किंवा एलबीए असा शब्द असतो. हे सगळं कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद कॅबिनेटच्या आत चिकटवून टाका.

मदरबोर्डवरची बॅटरी संपली की मशीन हे आकडे विसरतं आणि डिस्क धडधाकट असूनही "डिस्क गेली" असा समज होतो. जुनी डिस्क ज्या पद्धतीने फॉरमॅट झाली, ती पद्धत बदलली तरी डेटा वाचता येत नाही. त्यामुळे नॉर्मल, लार्ज की एलबीए हा शब्द आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

बॅटरीचं बोलणं निघालंच आहे तर ती आत्ताच बदला. नाण्यासारखी सीआर२०३२ असेल तर काम सोपं, ती गल्लीतल्या घड्याळाच्या दुकानातही मिळते. ३८६-४८६ च्या बोर्डवर मात्र निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली, पिंपासारखी, डाख दिलेली बॅटरी असते. ती फुटून आतला क्षार बोर्डवर पसरतो आणि तांब्याचे मार्ग खातो. तिच्या टोकांशी पांढरट-हिरवट पूड दिसली तर हार्डडिस्क बाजूला ठेवा. आधी ती बॅटरी कापून काढा आणि जागा साफ करून घ्या, कारण बोर्डच गेला तर नवी डिस्क लावायची कुठे?

आधी नक्कल, मग बाकी सगळं

नवा माल यायच्या आधीच जुन्या डिस्कची नक्कल करून घ्यायची. शक्यतो कोरड्या दिवसात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च. पावसात करायची वेळ आलीच तर मशीन आधी तासभर चालू ठेवून आतून कोरडं होऊ द्या. एसीतल्या थंडगार खोलीतून डिस्क बाहेरच्या दमट हवेत आणून लगेच चालू करू नका, तिच्यावर पाणी धरतं. चिकटलेली डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा एक उपाय सगळीकडे ऐकायला मिळतो. आपल्या हवेत तर त्याच्या नादी लागूच नका, बाहेर काढल्याबरोबर तबकडीवर दव पडतं.

नक्कल करायला युएसबीला आयडीई जोडणारं अडॅप्टर लागतं, ज्याच्यासोबत विजेचा स्वतंत्र ठोकळा येतो तसलं. जुन्या डिस्कचा जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवा (केबलवरची पहिली डिस्क ती मास्टर, दुसरी ती स्लेव्ह), आधी वीज जोडा, ती फिरायला लागल्यावर युएसबी लावा. अडॅप्टर लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपला लावा. पेनड्राइव्हवरून चालू होणारं लिनक्सही पुरतं. विंडोज टाळायचं कारण असं की ते विचारल्याशिवाय डिस्कवर स्वतःचे फोल्डर लिहितं, आणि डिस्क ओळखू आली नाही तर "फॉरमॅट करू का?" असं विचारतं. घाईत कोणीतरी होय दाबतंच.

लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचं साधन वापरा. त्याला तीन गोष्टी सांगायच्या : कोणती डिस्क वाचायची, इमेजची, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या नकलेची, फाइल कुठे ठेवायची आणि नोंदीची फाइल कुठे ठेवायची. पहिली फेरी वजा एन हा पर्याय देऊन करा. त्याने जेवढं सहज वाचता येतं तेवढं आधी उचललं जातं आणि खराब जागी झटापट होत नाही. दुसऱ्या फेरीत तो पर्याय काढून उरलेल्या जागा वाचायला लावा. नोंदीची फाइल असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. आपल्याकडे याचं मोल वेगळं सांगायला नको. फक्त कोणती डिस्क जुनी आणि कोणती लॅपटॉपची, हे आकारमान बघून दोनदा पडताळा. चूक झाली तर जुन्या डिस्कऐवजी लॅपटॉपचीच नक्कल होईल.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या, शंभर-दोनशे एमबीच्या बऱ्याच डिस्क युएसबी अडॅप्टरवर दिसतच नाहीत. अडॅप्टर डिस्कशी एलबीए भाषेत, म्हणजे प्रत्येक सेक्टरला एकच अनुक्रमांक देऊन, बोलतो आणि या डिस्कना ती येत नाही. त्यांचा डेटा त्यांच्याच मशीनमध्ये, दुसरी डिस्क किंवा कार्ड स्लेव्ह म्हणून जोडून, फाइलीफाइलीने उचलावा लागतो.

इमेज हाती आली की तिच्या दोन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा दुकानातलं मशीन आणि कपाटातला बॅकअप, दोन्ही एकाच पाण्यात गेले असे लोक आहेत.

नवी डिस्क : मोठी नको, बसेल ती घ्या

नवशिक्याचा पैसा वाया जातो तो इथे. दुकानात सगळ्यात लहान जे मिळतं तेही जुन्या मशीनला बहुतेक वेळा मोठंच असतं.

असं का, ते एकदा समजून घेतलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. जुनं बायोस (मशीन चालू होताना डिस्क ओळखणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगतं. बायोसची मर्यादा १०२४ सिलिंडर, २५६ हेड, ६३ सेक्टर. आयडीई डिस्कची मर्यादा ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड, २५५ सेक्टर. दोघांना एकमेकांशी बोलायचं तर प्रत्येक आकड्यात जो लहान तो चालणार, म्हणजे १०२४, १६ आणि ६३. एका सेक्टरचे ५१२ बाइट. गुणाकार केला की येतात ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे ५२८ एमबी. दोघांच्या वेगवेगळ्या मर्यादा बऱ्याच मोठ्या आहेत, पण एकत्र आल्यावर दोघांचीही कमाल सोडून फक्त किमान उरतं. बहुतेक ४८६ मशीनची गाडी इथे अडते.

१९९४ च्या सुमारास आलेल्या बायोसमध्ये एलबीएचं भाषांतर आलं आणि हद्द ८.४ जीबीवर गेली. त्यानंतरची भिंत ३३.८ जीबीची. १९९९ च्या आधीच्या अनेक अवॉर्ड बायोसमध्ये ती आहे आणि मोठी डिस्क लावली की मशीन ओळख पटवतानाच गोठतं. शेवटची १३७ जीबीची. पत्ता २८ बिटांचा असल्यामुळे त्यापलीकडचं दिसत नाही. विंडोज एक्सपीतही सर्व्हिस पॅक १ पासूनच ती ओलांडता येते. अधूनमधून २.१ जीबीला अडणारी बायोसही भेटतात.

वर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची हद्द आहेच. डॉस ६.२२ आणि पहिल्या विंडोज ९५ ला फाइलींची नोंद ठेवण्याची फॅट१६ ही पद्धत कळते, त्यात एका पार्टिशनला (डिस्कच्या एका भागाला) २ जीबीपेक्षा जास्त जागा देता येत नाही. तेवढी पूर्ण दिली तरी तोटाच होतो, कारण १ जीबीच्या पुढे प्रत्येक फाइल, दोन ओळींचं पत्र असलं तरी, ३२ केबी जागा अडवते. पाचशे एमबीच्या आत पार्टिशन ठेवलं तर तीच फाइल ८ केबीत बसते. विंडोज ९५ च्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीपासून आणि ९८ मध्ये फॅट३२ मिळतं, तिथे हा प्रश्न उरत नाही.

आता काय घ्यायचं ते. डॉस, विंडोज ३.१, ९५ आणि ९८ साठी मी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डच सुचवेन. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत असायचं ते. हे कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं, त्यामुळे अडॅप्टरवर मधल्या दुभाष्याची चिप लागत नाही, फक्त पिना जुळवायच्या असतात. डॉसला २ जीबीचं किंवा त्याहून लहान, ९८ ला ४ किंवा ८ जीबीचं भरपूर झालं. कारखान्यांच्या यंत्रांसाठी बनवलेली औद्योगिक कार्डं मिळाली तर ती घ्या. ती स्वतःला पक्की डिस्क म्हणून ओळख देतात आणि जास्त वर्षं टिकतात. एसडी कार्डाचे अडॅप्टर स्वस्त असतात, पण त्यांत मधली चिप आली आणि चिपागणिक स्वभाव बदलतो. हौसेच्या मशीनला चालेल, धंद्याच्या मशीनला मी लावणार नाही.

पेंटियम ३ किंवा ४ वर एक्सपी असेल तर साधी १२० जीबीची साटा (आयडीईनंतर आलेल्या जोडणीची) एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, आणि आयडीईला साटा जोडणारी छोटी पट्टी घ्या. १२० जीबी १३७ च्या आत बसते, म्हणून भिंतीचा त्रास नाही. पेंटियम ३ च्या बोर्डवर मात्र ३३.८ ची भिंत आहे का ते आधी बघा. एक्सपी पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं, ते एसएसडीला मानवत नाही. आधी लिनक्सच्या जीपार्टेडमधून १ एमबीपासून सुरू होणारं पार्टिशन करून ठेवा आणि एक्सपीला त्यातच बसवा.

जुन्या बाजारातली "चालू स्थितीतली" आयडीई हार्डडिस्क घेऊ नका. तुमची पंचवीस वर्षांची डिस्क काढून दुसऱ्याची पंचवीस वर्षांची लावण्यात काय अर्थ आहे? कार्ड आणि अडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात, ऑनलाइनही घरपोच येतात. तालुक्याच्या गावात शोधत फिरू नका.

बसवणं

जुनी डिस्क काढा आणि आधी पिनांकडे बघा. समुद्राच्या काठावर ठेवलेल्या मशीनमध्ये मदरबोर्डच्या सॉकेटमधल्या पिनांवर मळकट राप असतो. खिडकीजवळच्या मशीनमध्ये तर चक्क हिरवट कण असतात, बोट फिरवलं की चुरचुरतात. हा खाऱ्या हवेचा परिणाम. निम्म्या वेळा "डिस्क मधूनच गायब होते" ही तक्रार इथूनच निघते. मऊ दातांचा ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिना हलक्या हाताने घासा, पंख्याखाली वाळू द्या. रॅमच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने पुसा आणि चुरा झटकून टाका. सायकलच्या चेनीला मारतात तो तेलकट स्प्रे इथे मारू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. केबल जुनी आणि कडक झाली असेल तर सरळ नवी घ्या.

कार्डाच्या अडॅप्टरवर मास्टर-स्लेव्हचा जंपर मास्टरवर ठेवा. एकाच केबलवर दुसरं काही लावू नका. सीडी ड्राइव्ह असेल तर ती दुसऱ्या चॅनेलवर (मदरबोर्डवरच्या दुसऱ्या आयडीई सॉकेटवर) न्या, कारण काही कार्डांचं शेजाऱ्याशी पटत नाही. ८० तारांची केबल असेल तर निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला. केबलमध्ये पिन २० चं भोक बऱ्याचदा बुजवलेलं असतं आणि काही अडॅप्टरांना मात्र ती पिन असते. अशा वेळी जोर लावून दाबू नका, भोक उघडं असलेली केबल शोधा. अडॅप्टरला वीज फ्लॉपीच्या लहान कनेक्टरने मिळते. तो उलटा बसणारच नाही असं वाटतं, पण सैल असला तर उलटा घुसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. लाल तार ५ व्होल्टची, पिवळी १२ व्होल्टची, अडॅप्टरवरच्या खुणेशी जुळवूनच लावा.

अडॅप्टर कॅबिनेटच्या पत्र्याला टेकता कामा नये. प्लॅस्टिकच्या स्पेसरवर स्क्रूने बसवा. दुहेरी चिकटपट्टी एप्रिलच्या उकाड्यात सुटते. मागच्या पट्टीतून कार्ड बाहेरून काढता येतं असे अडॅप्टर सोयीचे वाटतात, पण समुद्रकाठी मी ते टाळतो, कार्डाचं तोंड खाऱ्या वाऱ्यात उघडं पडतं. आणि मशीन चालू असताना कार्ड काढायचं नाही, कॅमेऱ्यासारखं ते इथे चालत नाही.

पार्टिशन, फॉरमॅट, डेटा

सेटअपमध्ये जाऊन हार्डडिस्क ऑटो डिटेक्ट करा. दोन-तीन पर्याय दिसले तर एलबीए निवडा. नवे आकडे त्या आतल्या कागदावर जुन्यांच्या खाली लिहा. डिस्क दिसली नाही किंवा मशीन गोठलं, तर आधी केबलची लाल कड तपासा, मग जंपर, मग कार्डाचं आकारमान.

कार्डाचं पार्टिशन आणि फॉरमॅट ते ज्या मशीनमध्ये राहणार आहे त्याच मशीनमध्ये करा. लॅपटॉपवर फॉरमॅट करून आणलेलं कार्ड डॉसच्या मशीनला बऱ्याचदा वाचता येतं, पण त्यावरून मशीन चालू होत नाही, कारण दोघांनी सिलिंडर-हेडचा हिशेब वेगवेगळा धरलेला असतो.

विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीवरून मशीन चालू करा. फ्लॉपी पावसाळ्यात कपाटात पडलेली असेल तर झडप सरकवून आतली चकती बघा. पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. अशी फ्लॉपी आत घातली की ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही मग ओरखडली जाते. एफडिस्क चालवा, पार्टिशन करा, ते ॲक्टिव्ह करायला विसरू नका, मशीन पुन्हा चालू करा. मग फॉरमॅट, जागा, सी कोलन, जागा, स्लॅश एस. आता फ्लॉपी काढून बघा. डॉसचा सी कोलन आला तर झालं. "मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम" आलं किंवा नुसता कर्सर मिचमिचत राहिला, तर फ्लॉपीवरून पुन्हा येऊन एफडिस्क स्लॅश एमबीआर द्या. कॅमेऱ्यात वापरलेल्या कार्डाच्या पहिल्या सेक्टरमध्ये चालू होण्याचा कोड नसतो आणि एफडिस्क तो आपणहून लिहीलच असं नाही.

डेटा भरायचे दोन मार्ग. एलबीए असलेल्या विंडोज ९८ च्या मशीनला अख्खी इमेज कार्डावर लिहून चालू होतं का ते आधी बघायला हरकत नाही. झालं तर सगळं जसंच्या तसं मिळतं. त्याहून जुन्या मशीनला फाइलीच कॉपी करा. तेवढ्यापुरती जुनी डिस्क मास्टर आणि कार्ड स्लेव्ह लावून, किंवा दोन चॅनेलवर दोघं लावून, एक्सकॉपी चालवा. विंडोज ९८ असेल तर ही आज्ञा विंडोजच्या आतल्या डॉसच्या खिडकीतून द्यायची, सोबत एच, ई, के, आर आणि सी हे पर्याय. शुद्ध डॉसमधून दिली तर लांब नावं तुटून आठ अक्षरांची होतात आणि लग्नपत्रिकांच्या सगळ्या फाइली एकसारख्या दिसू लागतात. डॉस ६.२२ च्या एक्सकॉपीला लपवलेल्या फाइली दिसत नाहीत, आधी ॲट्रिब आज्ञेने त्यांचा लपलेपणा काढा.

प्रिंटर पोर्टावरच्या लॉकला डिस्क बदलल्याचं काही वाटत नाही. मात्र काही जुनी सॉफ्टवेअरं परवान्याची खूण डिस्कवरच्या ठरावीक जागी लिहायची आणि ती फाइल म्हणून कॉपी होत नाही. परवाना फ्लॉपीवर परत घेण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर जुनी डिस्क जिवंत असतानाच ती वापरा.

चालू झाल्यावर

विंडोज ९८ अधूनमधून गोठत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कसमोरची डीएमएची खूण काढा. काही स्वस्त अडॅप्टरांवर डीएमएला लागणाऱ्या तारा जोडलेल्याच नसतात. वेग थोडा कमी होईल, तरी जुन्या डिस्कपेक्षा जास्तच लागेल. डॉसमध्ये स्मार्टड्राइव्ह वापरत असाल तर त्याला स्लॅश एक्स जोडा, म्हणजे ते लिहायचा मजकूर मेमरीत अडकवून ठेवणार नाही. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात हा एक पर्याय अख्ख्या युपीएसच्या बरोबरीचा आहे. युपीएस लावा तरीही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की प्लग भिंतीतून काढा, मोडेमची टेलिफोनची तारसुद्धा.

कार्डाचा खरा फायदा बॅकअपचा. महिन्यातून एकदा मशीन बंद करून कार्ड काढा, रीडरमध्ये घालून लॅपटॉपवर त्याची इमेज घ्या, परत लावा. हेच कार्ड पुढे कधी गेलं तर त्याच मापाचं दुसरं घेऊन इमेज त्यावर लिहा आणि त्याच दिवशी कामाला लागा. त्यासाठी आत्ताच एकाऐवजी दोन सारखी कार्डं घेऊन ठेवा. सारखी म्हणजे त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची, कारण ४ जीबी लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या कार्डांचे सेक्टर मोजून सारखे नसतात.

जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नका. तिच्यावर तारीख आणि मशीनचं नाव लिहून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत जाड प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत बंद करा आणि उंचावर ठेवा. आर्थिक वर्षाचा हिशेब एकदा नव्या कार्डावर पूर्ण निघू द्या, इमेज उघडून तिच्यातल्या दोन-चार जुन्या फाइली खरोखर वाचता येतात का ते बघा. एवढं झालं की मग ती द्या, आणि देताना आतल्या तबकड्यांवर स्क्रू ड्रायव्हरने चरे ओढून द्या. गिऱ्हाइकांची खाती तिच्यात आहेत.